हातमिळवणी आणि अळीमिळी

पुण्यातल्या वेताळ टेकडीला अर्धं शहर ‘एआरएआय टेकडी’ म्हणतं. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली वाहन उद्योगाने केंद्र सरकारच्या साथीने उभी केली आणि पुढे टेकडीलाच तिचं नाव चिकटलं. बाजारात एकमेकांचं गिऱ्हाईक ओढणाऱ्या कंपन्या, पण गाडी सुरक्षित आहे का, तिचा धूर किती, हे तपासायची जागा सगळ्यांची सामाईक. आजही नवी दुचाकी विकायला काढायची तर अशा एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेची पायरी चढावीच लागते. स्पर्धकांनी काही कामं मिळून करावीत, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

सध्या ती पुन्हा जोरात आहे, ती हवामानबदलामुळे. विजेवरची वाहनं, बॅटऱ्यांचा पुनर्वापर, कमी कार्बनचं सिमेंट, यांतलं काहीच एकट्या कंपनीला झेपणारं नाही, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी सहकार्य करावं, असं उद्योगांच्या परिषदांतून सतत ऐकू येतं. मला हे पटतं. पण ते ज्या सरसकटपणे मांडलं जातं, त्याला माझा ठाम विरोध आहे. प्रतिस्पर्धी एका टेबलाभोवती बसले की हवा-पाण्याचं भलं होतंच, असं मुळीच नाही. नेमकं उलटंही घडलेलं आहे, आणि तेही मोठ्या, प्रतिष्ठित कंपन्यांच्या हातून. सहकार्य कशावर, कुणाच्या देखत आणि कोणत्या दिशेने, हे विचारल्याशिवाय त्याचं स्वागत करणं धोक्याचं आहे.

जिथे ते हवंच आहे, तिथून सुरुवात करू. पुणे-पिंपरीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये आता तीन-चार इलेक्ट्रिक स्कूटर दिसतात, बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांच्या. प्रत्येकीचा चार्जर वेगळा, गाडीकडच्या टोकाचा आकार वेगळा. शेजाऱ्याचा मागून आणावा तर तो बसत नाही. घरी हे निभावून जातं, कारण भिंतीकडचं टोक तरी सगळ्यांचं सारखं असतं. अडचण गावाबाहेर पडल्यावर सुरू होते. स्कूटरवर पुण्याहून साताऱ्याला निघालेल्या माणसाला वाटेत एकदा तरी बॅटरी भरून घ्यावी लागते. महामार्गावरच्या हॉटेलबाहेर जलद चार्जर उभा असतो, त्याचा दिवा हिरवा असतो, समोर रांगही नसते. पण तो दुसऱ्या कंपनीचा असतो. केबल हातात घेऊन बघितली तरी तोंड जुळत नाही. मग आत जाऊन काहीतरी खायला मागवायचं, मालकाला विनंती करायची आणि गल्ल्यामागच्या साध्या सॉकेटवर दोन तास गाडी लावून बसायचं. तेवढ्या वेळात एसटी साताऱ्याला पोचलेली असते. असा अनुभव एकदा आलेला माणूस पुढची गाडी पेट्रोलची घेतो, आणि दहा जणांना तेच सांगतो.

पेट्रोलच्या गाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. पंप कुणाचाही असो, नळी टाकीत बसते. इतकंच काय, सरकारी तेल कंपन्या आपसांत इंधनाची देवाणघेवाण करतात. एकीच्या पंपावरचं पेट्रोल दुसरीच्या रिफायनरीतून आलेलं असू शकतं. म्हणून पंपांमधली स्पर्धा काही थांबलेली नाही. जागा, मापाची खात्री, सेवा, हवा-पाणी, यांवर ती चालूच आहे. ज्या गोष्टीवर स्पर्धा करून ग्राहकाला काडीचाही फायदा नाही, ती एक असली तर कुणाचं बिघडतं? चार्जरचं तोंड ही तशीच गोष्ट आहे. स्कूटर घेताना कुणी प्लग बघून घेत नाही. बघतो ती रेंज, किंमत, डिकी आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते.

यात पैशाचाही मोठा भाग आहे. जलद चार्जर उभा करायचा म्हणजे जागेचं भाडं आलं, महावितरणचा वीजजोड आला, स्थिर आकार आला, देखभालीचा माणूस आला. हा खर्च गाडी लागो न लागो, चालूच राहतो. एकाच चौकात तीन कंपन्यांनी आपापले तीन चार्जर लावले आणि प्रत्येकावर दिवसाला मोजक्याच गाड्या आल्या, तर तिन्ही तोट्यात. मग कंपन्या चार्जर लावायचं थांबवतात आणि तेही मोठ्या शहरांपुरतेच ठेवतात. वाई, फलटण, चिपळूणच्या वाट्याला काहीच येत नाही. प्लग एकच असता तर तेवढ्याच पैशांत तिन्ही गावांत सोय झाली असती.

आपल्याकडे याची सुरुवात झालेली आहे. बंगळूरच्या एथर एनर्जीने २०२१ मध्ये आपल्या कनेक्टरचं डिझाइन इतर कंपन्यांना खुलं केलं. त्यावर आधारलेल्या पद्धतीला भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये हलक्या विद्युत वाहनांसाठीचं मानक म्हणून मान्यता दिली. हीरो मोटोकॉर्पने आपल्या विडा स्कूटरला तोच कनेक्टर घेतला आणि दोघांची जलद चार्जिंग केंद्रं एकमेकांच्या ग्राहकांना खुली झाली. हीरोचं एथरमध्ये मोठं भांडवल आहे, तेव्हा हे घरातल्या घरात झालं असं कुणी म्हणेल. तरी शोरूममध्ये एथर आणि विडा समोरासमोरच उभ्या असतात. ओलाने मात्र स्वतःचा वेगळा कनेक्टर ठेवला, आणि मानक ऐच्छिक असल्यामुळे तिला कुणी अडवूही शकत नव्हतं. म्हणजे चांगलं डिझाइन आहे, सरकारी शिक्का आहे, आणि तरीही रस्त्यावरचा ग्राहक अडकलेलाच आहे.

जपानने यापुढची पायरी गाठली. होंडा आणि यामाहा यांच्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इतकी जुंपली होती की त्या काळाला तिथे युद्ध म्हणूनच ओळखलं जातं. त्याच दोघींनी सुझुकी आणि कावासाकीला सोबत घेऊन २०१९ मध्ये एक गट केला, २०२१ मध्ये अदलाबदलीच्या बॅटरीचं समान मानक मान्य केलं, आणि २०२२ मध्ये तेल कंपनी एनिओसबरोबर गाचाको नावाची भागीदारी काढली, जिच्या केंद्रावर रिकामी बॅटरी देऊन भरलेली उचलायची. युरोपात २०२१ मध्ये होंडा, यामाहा, केटीएम आणि पियाजिओ अशाच कामासाठी एकत्र आल्या. यांतली केटीएम ही आकुर्डीच्या बजाजची जुनी भागीदार आणि पियाजिओचा कारखाना आपल्या बारामतीत. तिकडे या कंपन्या प्रतिस्पर्ध्यांशी बॅटरीच्या मापावर बोलू शकतात, तर इकडे बोलायला काय हरकत आहे? जपानमध्ये विजेवरच्या दुचाकींचा खप अजून फारसा वाढलेला नाही, हेही खरं. समान मानकाने गिऱ्हाईक आपोआप येत नाही. आलेलं गिऱ्हाईक वाटेत अडकत नाही, एवढंच ते करतं. तेवढंही पुष्कळ आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही.

८ जुलै २०२१ रोजी युरोपीय आयोगाने फोक्सवॅगन समूह आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. कुणी छोटी कंपनी यात नव्हती. डाइमलर, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन, आउडी आणि पोर्शे अशी जर्मन मोटार उद्योगातली सगळी मोठी नावं होती. डाइमलरने स्वतःहून आयोगाला माहिती दिली म्हणून ती दंडातून सुटली. आरोप किमती ठरवल्याचा नव्हता, बाजार वाटून घेतल्याचाही नव्हता. डिझेल गाडीच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी अॅडब्लू नावाचं युरियाचं द्रावण फवारलं जातं. द्रावण जितकं जास्त वापराल तितका धूर स्वच्छ. पण त्यासाठी टाकी मोठी लागते, डिकीतली जागा जाते आणि ग्राहकाला ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. या कंपन्यांचे अभियंते २००९ ते २०१४ अशी पाच वर्षं नियमित तांत्रिक बैठकांना बसत होते. तिथे त्यांनी टाकीचं माप किती ठेवायचं, एका भरणीत गाडी किती चालावी आणि द्रावण सरासरी किती खर्ची पडेल, हे आपसांत ठरवून टाकलं. कायद्याने मागितलं त्यापेक्षा स्वच्छ गाडी बनवण्याचं तंत्रज्ञान त्यांच्या हातात होतं. कुणी एकाने पुढे जायचं नाही, एवढ्यासाठी ही अळीमिळी होती.

हे प्रकरण २०१५ च्या फोक्सवॅगन घोटाळ्याहून वेगळं आहे. तिथे चाचणी फसवणारं सॉफ्टवेअर होतं, सरळ लबाडी होती. इथे मात्र कागदोपत्री सगळं पर्यावरणपूरक तंत्रज्ञानावरचं सहकार्यच होतं! बैठका खऱ्या होत्या, अभियंते खरे होते, विषयही धूर कमी करण्याचाच होता. अशा बैठकीचा फोटो एखाद्या कंपनीच्या शाश्वतता अहवालात शोभून दिसला असता.

अमेरिकेत हेच याआधी अर्धशतक घडून गेलं होतं. लॉस एंजेलिसच्या लोकांचे डोळे धुरक्याने चुरचुरत होते, तेव्हा मोटार कंपन्यांनी १९५० च्या दशकात धूर कमी करणाऱ्या उपकरणांवर एकत्र संशोधन करण्याचा करार केला. पेटंटं एकमेकांना विनामूल्य द्यायची, असंही ठरलं. ऐकायला किती छान! पण १९६९ च्या जानेवारीत अमेरिकी न्याय खात्याने जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर, अमेरिकन मोटर्स आणि त्यांच्या संघटनेवर खटला भरला, त्यात म्हणणं असं होतं की या कराराच्या आडून कंपन्यांनी ही उपकरणं जाणूनबुजून लांबवली. कुणी आधी जाहीर करायचं नाही, कुणी आधी बसवायचं नाही, लावायची तर सगळ्यांनी एकाच तारखेला. त्याच वर्षी तडजोडीने खटला मिटला आणि कंपन्यांवर बंधनं आली. विनामूल्य पेटंट वाटणं ही आज शाश्वत तंत्रज्ञानाची सर्वांत उदार कृती मानली जाते. त्या करारात तीच कृती लगाम म्हणून वापरली गेली, असा सरकारचा आरोप होता.

आणि फार लांब कशाला जायचं? आपल्याकडचा २०१७ चा मार्च आठवा. १ एप्रिलपासून देशभर बीएस-४ हे वाहनांच्या धुराचे अधिक कडक निकष लागू होणार, हे उद्योगाला बऱ्याच आधीपासून माहीत होतं. तरी महिनाअखेरीस कंपन्या आणि विक्रेत्यांकडे जुन्या बीएस-३ च्या ८ लाखांहून अधिक गाड्या पडून होत्या, त्यांत बहुसंख्य दुचाकी. कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं असं की बंधन उत्पादनावर आहे, विक्रीवर नाही, तेव्हा साठा संपेपर्यंत विकू द्या. बजाज ऑटोने या सुरात सूर मिसळला नाही. आम्ही वेळेत बदल केला आहे, ज्यांनी केला नाही त्यांना सवलत कशासाठी, अशी तिची भूमिका होती. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने विक्रीवर बंदी घातली आणि लोकांचं आरोग्य कंपन्यांच्या व्यापारी हितापेक्षा मोठं ठरवलं. इथे चोरून केलेलं संगनमत काहीच नव्हतं, सगळं उघड न्यायालयात चाललं होतं. पण उद्योगाची संघटना बोलते तेव्हा कुणाच्या वेगाने बोलते, हे त्यातून स्पष्ट दिसलं. ती सर्वांत मागे असलेल्याच्या वेगाने बोलते. जो पुढे गेला आहे, त्याला संघटनेच्या बाहेर येऊन बोलावं लागतं.

या तीन प्रसंगांतून मी एक साधी कसोटी काढतो. प्रतिस्पर्ध्यांचा करार ‘इतकं तरी प्रत्येकाने केलंच पाहिजे’ असं सांगत असेल, तर तो चांगला. ‘याहून जास्त कुणी करायचं नाही’ असं तो उघड किंवा आडून सांगत असेल, तर त्याच्यावर हिरवा रंग कितीही चढवा, तो लोकांविरुद्धचा कट आहे. समान प्लग ही पहिल्या प्रकारातली गोष्ट: तो बसवून कुणालाही रेंज वाढवायला, वेग वाढवायला, किंमत कमी करायला मोकळीक राहते. टाकीचं ठरवून घेतलेलं माप दुसऱ्या प्रकारातलं.

सरकारंही ही कसोटी चुकवतात. २०१९ च्या जुलैमध्ये फोर्ड, होंडा, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन या चौघींनी कॅलिफोर्निया राज्याशी समझोता केला, की केंद्राने नियम सैल केले तरी आम्ही त्याहून कडक मर्यादा पाळू. लगेच अमेरिकी न्याय खात्याने या चौघींची स्पर्धा कायद्याखाली चौकशी लावली; ती पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये काही न निघता बंद झाली. कराराची दुसरी बाजू राज्य सरकार होतं, मजकूर जाहीर होता, आणि मर्यादा खालची, म्हणजे किमान होती. अशा करारामागे स्पर्धा कायदा लावला तर पुढच्या वेळी कोणती कंपनी पुढाकार घेईल?

काहीजण म्हणतात की कायदा, मानकं, सरकार हे मध्ये कशाला, कंपन्या स्वतःहून करतील. उदाहरण म्हणून टेस्लाचं नाव घेतलं जातं. टेस्लाने २०१४ मध्ये आपली पेटंटं खुली केली, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चार्जरचा कनेक्टर खुला केला, आणि मे २०२३ मध्ये फोर्डने व जूनमध्ये जनरल मोटर्सने तो स्वीकारला. झालं ते उत्तमच झालं. पण त्याआधी तिथे दहाएक वर्षं दोन-तीन प्रकारच्या प्लगांचा घोळ चालला, आणि मिटला तो जिचं जाळं सर्वांत मोठं तिच्या मर्जीने. लोकांच्या सोयीची गोष्ट एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असावी, हे मला मान्य नाही. २००८ मध्ये आयबीएम, नोकिया, सोनी अशा बड्या कंपन्यांनी पर्यावरणपूरक पेटंटांचा एक सामाईक साठा केला होता. शंभराच्या आसपास पेटंटं त्यात जमली, फारशी कुणी वापरली नाहीत, आणि २०१६ मध्ये तो बंद पडला. कंपनी स्वतःहून देते ते बहुतेक वेळा तिला नको असलेलं असतं.

मोबाइलच्या चार्जरचा इतिहास तर प्रत्येकाच्या घरातल्या खणात पडलेला आहे. युरोपात २००९ मध्ये मोबाइल कंपन्यांनी ऐच्छिक करार केला तेव्हा तीसेक प्रकारचे चार्जर बाजारात होते. करारामुळे ते तीनवर आले. त्या तीनचा एक व्हायला मात्र कायदाच करावा लागला, आणि तो लागू झाला डिसेंबर २०२४ मध्ये. ऐच्छिक सहकार्याने बरीच वाट चालता येते. शेवटच्या आडमुठ्याला सोबत आणायला कायदाच लागतो.

आता माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. समान मानकाचा आग्रह घाईत धरला तर तो अंगाशी येतो. आपल्या सरकारने २०१७ मध्ये मोटारींसाठी भारत डीसी-००१ हे चार्जिंगचं मानक काढलं. ते त्या वेळच्या कमी व्होल्टच्या, छोट्या बॅटरीच्या गाड्यांना धरून होतं, ताकद १५ किलोवॉट. रांजणगावात बनणारी टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली ती सीसीएस-२ हा युरोपीय कनेक्टर घेऊन, आणि पुढच्या बहुतेक मोटारी त्याच वाटेने गेल्या. आधी बसवलेले चार्जर नव्या गाड्यांच्या कामाचे राहिले नाहीत. म्हणून नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा काढला आणि समान बॅटरीचा विषय आला, तेव्हा कंपन्यांनी केलेली कुरकुर मी सरसकट स्वार्थी म्हणणार नाही. घरच्या स्कूटरमध्ये बॅटरी हेच खरं यंत्र असतं. सेलचं रसायन, थंड ठेवायची रीत, वजन कुठे ठेवायचं, यांवरच अजून खरी चढाओढ चालू आहे, आणि ती चालू राहायला हवी. रिक्षा आणि डिलिव्हरीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे गाडी दिवसभर धावते, थांबली की धंदा बुडतो, त्यामुळे समान मापाची बदलती बॅटरी आजच हवी. कुठे एक व्हायचं आणि कुठे नाही, हे वस्तू बघून ठरवावं लागतं.

प्लगच्याही आधी ज्यावर एकत्र यायला हवं होतं, ती गोष्ट म्हणजे आगी. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात अनेक ठिकाणी विजेवरच्या स्कूटर पेटल्या, माणसं दगावली. सरकारने समिती नेमली, बॅटरी सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं आणि त्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. चांगलं झालं. पण कोणत्या परिस्थितीत कोणता सेल फुगला, पाणी कुठून शिरलं, वायरिंग कुठे घासली, हे ज्या कंपनीला कळलं ते तिच्याच फायलीत राहतं. विमान पडलं तर चौकशीचा अहवाल जाहीर होतो आणि जगातली प्रत्येक विमान कंपनी त्यातून शिकते. एका स्कूटरच्या आगीतून दुसऱ्या कंपनीच्या अभियंत्याने का शिकू नये? अशा नोंदी कंपनीचं नाव झाकून एका जागी जमा व्हाव्यात, आणि त्यासाठी टेकडीवरच्या त्या संस्थेइतकी योग्य जागा दुसरी नाही. जीव वाचवण्यात कसलं व्यापारी गुपित?

गाडीच्या मोटरमधल्या चुंबकांचंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि काही महिन्यांत आपल्या विजेवरच्या दुचाकींचं उत्पादन अडखळलं. ज्या कंपन्या जाहिरातीत एकमेकींना चिमटे काढतात, त्या सगळ्या एकाच गोदीकडे डोळे लावून बसल्या. चुंबकाशिवायची किंवा कमी चुंबकाची मोटर, जुन्या मोटरमधून चुंबक परत काढण्याची पद्धत, हे संशोधन प्रत्येकीने वेगळं करणं म्हणजे तोच खड्डा दहा जणींनी दहा ठिकाणी खणणं.

ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हे पटवून द्यायला नको. आपले साखर कारखाने उसासाठी एकमेकांच्या शिवारात शिरतात, गाळपाच्या हंगामात पळवापळवी होते, दरावरून आंदोलनं होतात. तरी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून या सगळ्यांची सामाईक आहे. वाण, रोगनियंत्रण, मळीचं पाणी, इथेनॉल, यांवरचं काम एका कारखान्याचं नसतं. तिथल्या वाणाचं बेणं शेजारच्या कारखान्याच्या सभासदाने लावलं म्हणून कुणाचं नुकसान झालेलं ऐकलं नाही. पण याच उदाहरणात माझी दुसरी तक्रारही आहे. ठिबकने पाणी वाचतं हे सगळ्या कारखान्यांना माहीत आहे, राज्याने २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णयही घेतला. तो शेतात किती उतरला, हे नीरेपासून पंचगंगेपर्यंत फिरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्ञान सामाईक झालं. किमान बंधन मात्र कुणीच कुणावर घातलं नाही.

मग करायचं काय? पहिलं, कायद्याची भीती काढावी. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३(३) मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या करारांकडे संशयाने बघितलं जातं, आणि तो संशय निराधार नाही. सिमेंट कंपन्यांनी त्यांच्या संघटनेच्या आडून संगनमत केलं, असा ठपका ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. पुढे ते प्रकरण अपिलांत गेलं. पण त्याच कलमात, कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना सवलतही आहे. पर्यावरणाच्या कामात ती सवलत कुठे लागू आणि कुठे नाही, हे युरोपीय आयोगाने आणि जपानने २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढून सांगितलं. आपल्या स्पर्धा आयोगानेही ते नेमक्या शब्दांत सांगावं. प्रामाणिक कंपनी वकिलाच्या सल्ल्याने गप्प बसते आणि लबाड कंपनी चहाच्या टेबलावर ठरवून मोकळी होते, अशी अवस्था फार काळ चालू देणं बरं नाही.

दुसरं, पैशाला अट जोडावी. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये आहेत. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. हा पैसा तुमचा-माझा आहे. त्यातून उभा राहणारा दुचाकीचा प्रत्येक जलद चार्जर मानक ब्यूरोच्या खुल्या कनेक्टरचा असावा, कुठल्याही कंपनीच्या गाडीला चालावा आणि पैसे भरायला त्या कंपनीचं अॅप न लागता साध्या यूपीआयने भरता यावेत. चाकण, आकुर्डी, बारामती, आणि आता एथर जिथे येऊ घातली आहे ते छत्रपती संभाजीनगर, एवढे कारखाने ज्या राज्यात आहेत, त्या राज्याने ही अट घातली तर कंपन्यांना ती टाळता येणार नाही.

तिसरं, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं: टेबलाभोवती फक्त कंपन्या नकोत. मानकं ठरवणाऱ्या समित्यांत मोठ्या कंपन्यांची माणसं सहज बसतात, कारण दिल्लीच्या बैठकांना पाठवायला त्यांच्याकडे पगारी अभियंते असतात. बारक्या कंपनीला ते परवडत नाही, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या वापरणाऱ्याला तर कुणी विचारतही नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेला तिथे नुसती खुर्ची नको, मत हवं. रिक्षा संघटनेचा माणूस हवा. भंगारात आलेली बॅटरी फोडताना गोंदाने चिकटवलेल्या सेलशी ज्याची रोज गाठ पडते, तो पुनर्वापर करणारा हवा. कारण २०२२ च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली असली, तरी ती उघडायची कशी याची माहिती पुनर्वापर करणाऱ्याला मिळत नाही. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून विजेवरच्या वाहनाच्या प्रत्येक बॅटरीला तिची माहिती सांगणारा डिजिटल पासपोर्ट लागणार आहे. निर्यात करणाऱ्या आपल्या कंपन्या तो तिथल्या ग्राहकासाठी करतीलच. मग इथल्या ग्राहकासाठीही करावा.

अशा प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त महिन्याभरात जाहीर व्हावं: कोण आलं होतं, कुणी काय सुचवलं, कुणी कशाला विरोध केला. जर्मन कंपन्यांच्या त्या बैठकांचं इतिवृत्त दर महिन्याला लोकांसमोर आलं असतं, तर टाकीचं माप ठरवायला कुणी धजावलं नसतं. आणि ज्या कंपनीला खुला प्लग, खुली नोंद, खुलं इतिवृत्त यांतलं काहीच मान्य नाही, तिने स्वतःचा वेगळा प्लग जरूर ठेवावा. फक्त तिला अनुदान देऊ नये, महामार्गावरची सरकारी जागा देऊ नये, आणि गाडी विकतानाच ‘हा प्लग इतरत्र चालत नाही’ असं ठळक मराठीत लिहून ग्राहकाची सही घ्यायला लावावी.